पहारेकऱ्याच्या पाठीवर फुली

२८ फेब्रुवारी १९९८

आठ मिनिटं! विज्ञान दिनाचं व्याख्यान मीच द्यायचं म्हणून प्राचार्यांनी पंधरा दिवस माझं डोकं खाल्लं आणि माझ्या वाट्याला आली आठ मिनिटं. आधीचा दीड तास मान्यवरांचा. दीपप्रज्वलन: वर पंखा गरगर फिरतोय, समई विझते, परत पेटवतात, परत विझते. पंखा बंद करायचं एकालाही सुचलं नाही. म्हणे विज्ञान दिन!

मुंबईत ज्या एका प्रथिनामागे सहा वर्षं घालवली ते आठ मिनिटांत सांगितलं. पेशीत एक पहारेकरी असतो, त्याचं नाव पी-५३. पेशीच्या आतल्या सूचना तुटल्या-फाटल्या की तो वाढ थांबवतो. दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतो. तो आहे म्हणून आपल्या अंगात जागोजाग गाठी उठत नाहीत. आणि बायकांच्या एका कॅन्सरमधे हा पहारेकरी बहुतेक वेळा अगदी धडधाकट असतो. त्याच्यात खोट नसते. एक विषाणू पेशीत शिरतो आणि पेशीच्याच नोकराला हाताशी धरून पहारेकऱ्याच्या पाठीवर एक रासायनिक खूण चिकटवतो. युबिक्विटिन. ती खूण दिसली की पेशीची सफाई यंत्रणा त्याला उचलते आणि त्याचे तुकडे करते. नगरपालिका अतिक्रमणाच्या टपऱ्यांवर लाल फुली मारते, तसं. टपरी चांगली की वाईट, कोण बघतंय? फुली आहे ना, मग पाडा.

फुलीचं तेवढं सगळ्यांना कळलं. मागच्याच आठवड्यात स्टेशन रोडच्या टपऱ्या पाडल्यात. माना हलल्या. मला वाटलं, चला, काहीतरी शिरलं डोक्यात. मग प्राचार्य समारोपाला उठले. "म्याडमनी प्रोटीनचं महत्त्व लई सोप्या भाषेत सांगितलं. विद्यार्थ्यांनी शेंगदाणे, डाळी भरपूर खाव्यात." आणि चिक्की वाटली!

१ मार्च

लाइट नाही. गावाच्या डोक्यावर वीजकेंद्राची धुराडी, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, आणि घरात मेणबत्ती. परळीची वीज मुंबईला जाते. मुंबईनं अनुदान संपवून मला परळीला पाठवलं. देवाणघेवाण झाली म्हणायची.

४ मार्च

खाली रवीचं भांड्याचं दुकान, मागे त्याचं घर, वरच्या खोलीत मी. दोन वर्षं झाली. धाकटा भाऊ म्हणून सांभाळतो मला, असं तो गावभर सांगतो. सांभाळतो म्हणजे जेवायला हाक मारतो. हाक मारतानाही गालात गुटख्याची पुडी, त्यामुळे "आक्का" ऐवजी "आग्गा" ऐकू येतं.

त्याची बायको शिवांजली. आठवी पास. मुलं लातूरला शिकायला ठेवलीत, ती तिथं पहिली येणार आणि डॉक्टर होणार, ठरलंय. सकाळी उठली की आधी तव्यावर तंबाखू जाळून केलेली मिश्री. बोटानं अर्धा तास दात घासत ओट्यावर बसते, समाधी लागल्यासारखी. मी म्हटलं, "शिवांजली, तोंडाचा कॅन्सर होईल." पचकन थुंकून म्हणाली, "माझ्या आज्जीला न्हाई झाला." संपलं संशोधन. एक आजी, एक निष्कर्ष!

१९ मार्च

शिवांजली स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आक्का, मधीच रक्त दिसतंय. पाळी नसताना. दोन म्हैने झाले."

आठवी पास असली तरी विचारायचं कुणाला हे कळलं, म्हणून बरं वाटलं. मी सगळं नीट सांगितलं. अंबाजोगाईला जा. तिथं लाकडी पट्टीनं आतल्या चार पेशी घेतात, काचेवर पसरतात, दुर्बिणीखाली बघतात. पाच मिनिटांचं काम. काही असलं तर लवकर कळतं आणि लवकर कळलं तर बरं होतं.

"पट्टी घालून बघत्यात? लाज न्हाई का त्यांना?"

कुणाची लाज आणि कुठं काढतेय ही! मी ताटावरून उठले.

२३ मार्च

ज्याची भीती होती तेच. रवि तिला डॉ. सुंदररावांकडे घेऊन गेला होता. तळमजल्यावर मेडिकल, वर दवाखाना, दारावर ट्यूबलाइटनं अक्षरं: सोनोग्राफी. मशीन आल्यापासून गावातल्या निम्म्या बायकांच्या पिशव्या सुजल्या. आधी सुजत नव्हत्या, कारण मशीन नव्हतं.

"पिशवीला सूज हाय. ठिवली तर पुढं कॅन्सर," म्हणाले म्हणे. कॅन्सर हा शब्द या माणसाला चांगलाच लागू पडलाय. त्यानं पी-५३ चं नाव तरी ऐकलंय का, देव जाणे.

शिवांजली एकदम खूश! "दोन लेकरं झाली, पिशवीचं काम संपलं. आता कावून ठिवायची?" घरातलं जुनं कपाट हलवावं तसं बोलते. त्यातही आतला हिशेब वेगळाच. आपल्या लिंगायतांत विटाळ मानत नाहीत, गळ्यात इष्टलिंग बांधलेल्या बाईला कसला आलाय विटाळ. तरी ही चार दिवस वैजनाथाच्या पायरीला जात नाही, पापडाला हात लावत नाही. शेजारणींचं बघून. पिशवी गेली की तीही कटकट जाईल. एका दगडात सगळं.

२ एप्रिल

शेवटचा प्रयत्न. कागदावर चित्र काढून दाखवलं. ही पेशी, हा पहारेकरी, हा विषाणू, ही फुली. रोग धरतो तो खालच्या निमुळत्या भागाला, सूज-बीज सब झूट. आधी तिथल्या पेशी बघू, मग काढायचं की ठेवायचं ते ठरवू.

चित्राकडे बघून म्हणाली, "आक्का, ह्या पहारेकऱ्याला पगार कोन देतंय?"

रवि खो खो हसला. गुटखा माझ्या चित्रावर उडाला.

१६ मे

औरंगाबादला पेपर तपासायला गेले होते, आठवडाभर. आज आले तर घरात फळांच्या करंड्या आणि बायकांची रांग. शिवांजली खाटेवर. ऑपरेशन उरकलं! मी नसताना. मुद्दाम मी नसताना.

येणाऱ्या प्रत्येक बाईला तीच गोष्ट सांगते. नर्स म्हणाली, गळ्यातलं काढा. ही म्हणाली, जीव जाईल पण लिंग अंगावेगळं होणार न्हाई. शेवटी दंडाला बांधून टेबलावर झोपली. बायका डोळ्यांना पदर लावतात. पिशवी अंगावेगळी केली त्याचं कुणालाच काही नाही.

रवीला विचारलं, काढलेली पिशवी तपासायला पाठवली का?

"ट्रेमधी दाखवली की मला. पेरूएवढी व्हती. खालून सपाट, सुरीनं कापल्यावानी." हातानं करून दाखवलं.

"पुढं काय केली?"

"त्यांनीच टाकली असंल. ठिवून काय करायचं?"

खालून सपाट. खालून सपाट म्हणजे खालचा भाग आतच ठेवला. नेमका तोच भाग!

१८ मे

सुंदररावांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. प्यायले नाही.

"सर्व्हिक्स ठेवलंत?"

"म्याडम, पूर्ण काढायला लघवीच्या नळीला धोका असतो. खालचा भाग ठिवला की अर्ध्या तासात बाई टेबलावरून खाली. समद्यांना तसंच करतो."

"आणि कॅन्सर त्याच भागात होतो, हे?"

"होणार असंल तर होईल. आपण काय देव हाओत का?" मग समजावणीचा सूर. "तुमी शिकलेल्या. पण इथल्या बायांना सर्व्हिक्स-बिर्व्हिक्स समजत न्हाई. आमी पिशवीचं तोंड म्हणतो. लोकांच्या भाषेत बोलावं लागतं, म्याडम."

मला शिकवतोय! बायकांना पिशवी गेली, कॅन्सर गेला असं सांगून घरी पाठवायचं आणि तोंड आत ठेवायचं. भाषा लोकांची आणि कापाकापी स्वतःच्या सोयीची. थुंकावंसं वाटलं, पण फरशी नुकतीच पुसलेली होती.

१९ मे

आज चूप बसवलं नाही. खाटेजवळ पाच-सहा बायका होत्या, शेजारच्या वत्सलाबाई होत्या, तरी बोलले. "शिवांजली, उगीच नाचू नकोस. तुझी गर्भाशयग्रीवा जागेवर आहे. जिथं रोग होतो तो भाग त्यानं काढलेलाच नाही. पंधरा-वीस दिवसांत तिथल्या पेशी तपासून घ्यायच्या."

मग शिवांजली म्हणाली, "आक्का, मंत्र म्हणताव का शिव्या देताव?"

वत्सलाबाई इतक्या हसल्या की खाट हलली. शिवांजलीला टाके दुखले. "हसवू नगा आक्का, लई दुखतंय." म्हणजे मी विदूषक! सहा वर्षं त्या एका प्रथिनाच्या मागे काढली, रात्री प्रयोगशाळेत झोपले, आणि इथं मी खाटेवरच्या बाईची करमणूक.

आता हिच्याशी एक शब्द बोलणार नाही.

२४ मे

बोलले नाही.

११ जून

बोलले नाही, पण झोप लागत नाही. तिचा राग येतो आणि भीतीही वाटते. मूर्ख असली तरी मरावी असं थोडंच आहे? छत्तीस वर्षांची. मला ताप आला तेव्हा मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली होती. पट्ट्या ठेवतानासुद्धा टीव्हीवरची मालिका बघत होती, ते सोडा.

१४ जून

शेवटी रवीला सांगितलं. दुकानात सिरसाळ्याहून लग्नाची भांडी घ्यायला माणसं आलेली, हंडे वाजवून बघत होती. परक्यांपुढे आणि भावापुढे असलं किती बोलणार? ग्रीवा म्हटलं तर मंत्र वाटतो यांना. म्हणून सुंदररावांच्या भाषेतच आणि थोडक्यात: "तिचं तोंड तपासून घे. अंबाजोगाईला. याच आठवड्यात. टाळाटाळ केलीस तर मी या घरात राहणार नाही."

रवीनं मान खाली घातली. गालातली पुडीसुद्धा थुंकून आला. "आक्का, एवढं शीरियस हाय का?"

"आहे."

"नेतो."

बघा! सोपं बोललं की कळतं. याच्यापुढे चित्रं काढून उपयोग नाही.

२१ जून

परवा नेलं, दाखवलं, आणलं. रवि जिना चढून मुद्दाम सांगायला वर आला. "साफ हाय म्हणाले, आक्का. आता कायबी खराब न्हाई. डिसेंबरात एकदा दाखवा म्हणाले."

डिसेंबरात बोलावलं म्हणजे डॉक्टर शहाणा दिसतोय. या जिल्ह्यात एक तरी आहे! मला जिन्यातच बसावंसं वाटलं, इतका भार उतरला. त्याला दाखवलं नाही.

शिवांजलीचे मात्र नखरे. दोन दिवस धड जेवत नाही, गालाला पदर लावून बसते. जणू हिच्यावर केवढा अत्याचार झाला! चार पेशी तर घ्यायच्या असतात. मी वरून बघितलं आणि आत गेले.

९ ऑगस्ट

पुण्याच्या एका विज्ञानमासिकाला लेख पाठवला होता, 'पहारेकऱ्यावरच्या खुणा'. यावेळी नुसती फुली नाही, पुढचंही लिहिलं. खूण एकाच जातीची नसते. त्याच पी-५३ ला फॉस्फेटचा एक बारीकसा गट योग्य जागी चिकटला तर तो वाचतो. त्याला भंगारात काढणारं जे दुसरं प्रथिन आहे, त्याला मग हा पहारेकरी नीट पकडता येत नाही. पहारेकरी टिकतो, कामाला लागतो. म्हणजे पहारेकरी तोच, पेशी तीच. कुठं काय चिकटलं यावर माणूस जगतो की मरतो. मागच्या एक-दोन वर्षांत हे बाहेर आलं. जगात लोक यासाठी रात्रीचा दिवस करताहेत.

संपादकांचा आज फोन, खालच्या एसटीडी बूथवर. "मॅडम, जरा रुक्ष आहे. लग्नाची गोष्ट, सासू-सुनेचं उदाहरण असं काही घालता येईल का? वाचकाला फॉस्फेट म्हटलं की खत आठवतं."

म्हटलं, तुमच्या वाचकाला खताच्याच गोणीत घाला. बूथवाल्यानं रिसीव्हर परत घेताना माझ्याकडे जरा आदरानं बघितलं.

३० सप्टेंबर

प्राचार्य: "म्याडम, पुढल्या विज्ञान दिनाला एखादा हलका विषय घ्या. सर्पमित्र बोलवू या का?"

नागाला तरी आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळेल.

२६ नोव्हेंबर

सुंदररावांचा सत्कार. शाल, श्रीफळ. "ग्रामीण भगिनींना कॅन्सरच्या भीतीतून मुक्त केल्याबद्दल." टाळ्या वाजवणाऱ्यांत रवि पुढच्या रांगेत. त्याच्या दुकानातलीच पितळी समई भेट दिली.

मी उठून आले. धर्मापुरीच्या एक बाई फाटकापाशी भेटल्या, ओळखीच्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, माझीबी काढली, लई चांगले डॉक्टर हाएत. विचारणार होते, तोंड आत आहे का बाहेर? विचारून काय उपयोग. मंत्र म्हणतेय असं वाटलं असतं.

१३ डिसेंबर

रवीनं आपणहून परत अंबाजोगाईला नेलं. "साफच." माझं एक वाक्य पाळतो हा माणूस. आश्चर्य!

१ जानेवारी १९९९

गच्चीवर फटाके. राखेत राख.

१७ फेब्रुवारी

शिवांजली हल्ली सारखी पडून असते. कंबर धरून चालते. वत्सलाबाई म्हणतात ऑपरेशननंतर बाया आळशी होतात, त्यांच्या सुनेचंही तसंच झालं. यावर माझं आणि वत्सलाबाईंचं एकमत झालं, हेच मोठं. रवि दोघांचं जेवण खाणावळीतून आणतो. त्यातलं अर्धं मला, उपकारासारखं.

९ मार्च

शिवांजली जिना चढून वर आली. कधी येत नाही. माझ्या खुर्चीवर न बसता उंबऱ्यावर बसली. दहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही बोललो.

"आक्का, पिशवी न्हाई. मंग रक्त कुठून येतंय?"

कधीपासून विचारलं. दिवाळीपासून म्हणाली. दिवाळीपासून! आणि हल्ली पाण्यासारखं जातं आणि वास येतो. कुणाला सांगितलं नाही, कारण डॉक्टरांनी पिशवी काढल्यावर रक्त येत नाही असं सांगितलंय. मग हे येतंय म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं तिला वाटलं. सोमवार धरला, आणखी एक उपास वाढवला.

ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. तिच्या चेहऱ्याचा रंग बघितला. म्हटलं, घाबरू नकोस. दोनदा तपासलंय, दोन्ही वेळा साफ आलंय, तेव्हा दुसरंच काहीतरी असेल. उद्या मी स्वतः घेऊन जाते, त्याच डॉक्टरांकडे. त्यांच्याकडे आधीच्या दोन्ही काचा असतील.

"कसल्या काचा?" म्हणाली.

विसरली असेल. इथं कुणाला काय लक्षात राहतं!

१० मार्च

पहाटे एसटीच्या स्टँडवर रवीला विचारलं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, नाव काय?

"दाताचे डॉक्टर, आक्का. तूच म्हणली व्हतीस की, तिचं तोंड तपासून आण."

शिवांजली बाकावर बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी सांगितलं म्हणून दोन दाढा काढू दिल्या मी. किडल्याबी नव्हत्या. लई दुखलं, आक्का."